डोस वाढवण्याआधी गाठ चाचपा

इन्सुलिन सुरू असलेल्या मांजराची शुगर आटोक्यात येत नसली, की पहिला विचार येतो तो डोस वाढवण्याचा. माझं स्पष्ट मत आहे की त्याआधी एक तपासणी झालीच पाहिजे. तिला पैसे लागत नाहीत, यंत्र लागत नाही. रोज जिथे सुई टोचता तिथली कातडी चिमटीत धरा आणि बोटांनी चाचपून पाहा. तिथे गाठ, जाड पट्टा किंवा कडकपणा लागतो का? लागत असेल तर कमी पडतंय ते इन्सुलिन नसून जागा चुकते आहे, अशी दाट शक्यता आहे.

मांजरांना मधुमेह होतो?

हो, होतो. जुन्या शहरात हे सांगितलं की अजूनही काही जण हसतात. माळ्यावर उंदरांमागे धावणारी सडपातळ मांजरं आपल्या डोळ्यांसमोर असतात. पण आज अनेक घरांतला बोका दिवसभर पलंगावर असतो. पाकिटातलं कोरडं खाणं त्याच्यापुढे सतत ठेवलेलं असतं, नसबंदी झालेली असते, वजन वाढलेलं असतं आणि वयही उतरणीला लागलेलं असतं. त्याचा मधुमेह माणसांच्या टाईप २ मधुमेहासारखाच असतो. पाणी खूप पिणं, लघवी वाढणं, भरपूर खाऊनही वाळत जाणं ही त्याची लक्षणं. उपचार बहुतेक वेळा इन्सुलिनचा, दिवसातून दोन वेळा. म्हणजे वर्षाला ७३० वेळा सुई. ती प्रत्येक वेळी मानगुटीच्या त्याच चार बोटं जागेत गेली, तर त्या कातडीचं काय होईल, याचा विचार करा.

गाठ कशी होते?

इन्सुलिन आणि गाठ यांची ओळख जुनी आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातल्या टोरांटो इथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला मधुमेहासाठी इन्सुलिनचा अर्क पहिल्यांदा टोचला गेला. तो अर्क इतका अशुद्ध होता की टोचल्या जागी गळू झालं. पुढे औषध शुद्ध झालं, तशी गळवं दुर्मीळ झाली. एकाच जागी टोचण्याची सवय मात्र गेली नाही.

इन्सुलिन शरीरातल्या चरबीच्या पेशींना साठवायला आणि वाढायला सांगतं. तेच औषध त्याच जागी पुन्हा पुन्हा गेलं की माणसांमध्ये तिथली चरबी फुगते. शिवाय प्रत्येक सुईची एक बारीक जखम होते. बोथट झालेली सुई परत वापरली तर ती जास्त मोठी होते आणि भरताना चिवट होत जाते. माणसाच्या पोटावर यातून मऊ फुगवटा दिसतो. मांजरात बऱ्याचदा फुगवटा दिसत नाही, केसांखाली जाड, राठ कातडी हाताला लागते. म्हणून नुसतं बघून चालत नाही.

स्पेनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या ४३० माणसांची पाहणी झाली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. जवळपास दोन-तृतीयांश लोकांना अशा गाठी होत्या. कारण नसताना शुगर एकदम खाली जाण्याचा प्रकार गाठी असलेल्यांत ३९ टक्के, तर नसलेल्यांत ६ टक्के आढळला. ही आकडेवारी माणसांची आहे, पण तिच्यातला धडा मांजर पाळणाऱ्यांनीही घ्यावा.

दुखत नाही, म्हणूनच फसगत

‘तिथं टोचलं त ते चूं बी करत नाही, डॉक्टरसाहेब,’ असं लोक कौतुकाने सांगतात. बरोबरच आहे. वारंवार टोचलेल्या जागेची संवेदना कमी होते. मांजर शांत राहतं, टोचणाऱ्याला हायसं वाटतं आणि हात रोज तिथेच जातो. पण अशा जागेतून औषध रक्तात कधी उशिरा पोचतं, कधी अर्धवट, तर कधी एकदम.

आता खरा धोका पाहा. शुगर उतरत नाही म्हणून डोस दोन युनिटवरून तीन, तीनवरून चार झाला. एक दिवस घरातलं दुसरंच कोणी सुई देतं आणि नकळत चांगल्या कातडीत देतं. त्या दिवशी चारही युनिट नीट लागू पडतात. मांजर लटपटतं, थरथरतं, झटके येतात. वेळेत लक्षात आलं नाही तर ते मरूही शकतं. आणखी एक गोष्ट म्हणजे, योग्य आहार आणि उपचार मिळाले तर काही मांजरांची इन्सुलिनची गरज पहिल्या काही महिन्यांत कमी होते, कधी पूर्ण थांबतेही. अशा वेळी डोळे झाकून वाढवलेला डोस दुप्पट घातक ठरतो.

म्हणून गाठ सापडली तर जागा बदला, पण त्याआधी डॉक्टरांना फोन करा. नव्या जागेवर डोस कमी लागू शकतो. पहिले काही दिवस शुगर जास्त वेळा तपासावी लागते. लटपटणं दिसलं तर मध किंवा साखरेचा पाक हिरड्यांवर चोळा आणि तडक दवाखाना गाठा. शुद्ध हरपलेल्या मांजराच्या तोंडात काहीही ओतू नका.

प्रत्येक गाठ इन्सुलिनची नसते

‘सुईमुळे आली असेल’ असं म्हणून गाठीकडे दुर्लक्ष करणं ही दुसरी टोकाची चूक. गाठ गरम, दुखरी असेल, मांजर सुस्त असेल तर पू झालेला असू शकतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी १९९१ साली लक्षात आणून दिलं की मांजरांमध्ये इंजेक्शनच्या जागी क्वचित कर्करोगाची गाठ होऊ शकते. तिचा संबंध मुख्यतः लसींशी आढळला, इन्सुलिनशी फारच विरळा. पण रेबीजची लसही अनेकदा मानेजवळच दिलेली असते, त्यामुळे तिथली गाठ कशाची हे आपण ठरवू नये. जगभर पशुवैद्य एक सोपा नियम पाळतात: गाठ तीन महिन्यांहून जास्त टिकली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, किंवा इंजेक्शननंतर एक महिना उलटूनही वाढतच राहिली, तर तिचा तुकडा तपासायलाच हवा. तीनपैकी एक गोष्ट खरी ठरली तरी पुरे. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे. तज्ज्ञांचं मत विचारायला दर वेळी नागपूर-मुंबईच गाठावी लागते असं नाही.

चिठ्ठीवर जागाही लिहा

लोक म्हणतात, ‘आधीच बिचाऱ्याला दोनदा टोचतो, त्यात जागा शोधत कुठे बसायचं?’ त्यांचा कंटाळा मला समजतो. पण दोष त्यांचा नाही. औषधाच्या चिठ्ठीवर किती युनिट आणि किती वेळा हे असतं. कुठे टोचायचं, ती ओळच नसते. माझ्या मते ती ओळ प्रत्येक चिठ्ठीवर हवी, आणि शुगर बिघडल्यावर डोस बदलण्याआधी डॉक्टरांनी जागा हाताने तपासलीच पाहिजे. हे मांजराला जितकं लागू, तितकंच घरात इन्सुलिन घेणाऱ्या आजीलाही. तिच्या बेंबीशेजारची जागा कोणी शेवटची कधी चाचपली?

घरी एवढं करा:

• सकाळी उजवी कूस, संध्याकाळी डावी. रोज दोन बोटं जागा सरकवा. मानगुटीवरच अडून राहू नका.
• कॅलेंडरवर जागेची खूण करा, म्हणजे घरात कोणीही सुई दिली तरी गोंधळ होणार नाही.
• प्रत्येक वेळी नवी सुई वापरा.
• आठवड्यातून एकदा, मांडीवर घेऊन कुरवाळताना, टोचण्याच्या सगळ्या जागांवरून बोटं फिरवा.
• गाठ लागली तर तिथे टोचणं बंद करा. विश्रांती मिळाली की बऱ्याच गाठी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मऊ पडतात.

आणि गाठीच्या भीतीने इन्सुलिन बंद करू नका. गाठीवर इलाज आहे, पण इन्सुलिनशिवाय राहिलेलं मधुमेही मांजर काही दिवसांतच गंभीर आजारी पडू शकतं. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा चिठ्ठी घेण्याआधी एवढंच विचारा: ‘डॉक्टर, टोचायचं कुठे, तेही लिहून द्या.’