तुम्ही परीक्षक झालात तर?

निबंधस्पर्धेत किंवा वक्तृत्वस्पर्धेत तुम्ही कधी ना कधी भाग घेतला असेल. बक्षीस मिळाले तर परीक्षक चांगले आणि नाही मिळाले तर परीक्षकांना काही कळत नाही, असे मित्रांजवळ बोललाही असाल. आज आपण त्या परीक्षकाच्या खुर्चीवर बसून पाहू. स्पर्धा लघुपटांची आहे. लघुपट म्हणजे थोड्या मिनिटांचा छोटा चित्रपट. विषय आहे 'मुसलमानांचे जीवन'. तुम्ही म्हणाल, हा तर आमच्या घरचाच विषय, यात अवघड काय? पण गुण द्यायला बसलात म्हणजे कळेल. घरच्या विषयात माणूस पटकन खूश होतो आणि पटकन रागावतो. या दोन्ही वेळी लेखणी नीट चालत नाही.

अशी एक स्पर्धा अमेरिकेत खरोखर झाली होती. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथे दहशतवादी हल्ले झाले. सुमारे तीन हजार माणसे मरण पावली. त्या हल्ल्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या तेथील मुसलमानांकडे लोक संशयाने पाहू लागले. नाव वाचून, दाढी पाहून, डोक्यावरचा रुमाल पाहून माणसाची पारख होऊ लागली. दाढी आणि पगडी पाहून काही शीख बांधवांवरही हल्ले झाले. पुढे २००७-०८ च्या सुमारास लिंक टी.व्ही. या तेथील वाहिनीने लघुपटांची स्पर्धा ठेवली. तिचे नाव होते 'वन नेशन, मेनी व्हॉइसेस', म्हणजे देश एक, आवाज अनेक. अमेरिकेतील मुसलमान कसे राहतात, हे लोकांनी चित्रपटातून दाखवावे, असा तिचा हेतू होता.

लेना खान या तरुण दिग्दर्शिकेच्या लघुपटाला पहिले पारितोषिक मिळाले. त्याचे नाव 'अ लँड कॉल्ड पॅराडाइज'. करीम सलामा या गायकाच्या एका गाण्यावर तो तयार केला आहे. करीम सलामाचे आईवडील इजिप्तमधून आलेले, तो स्वतः ओक्लाहोमा राज्यात वाढलेला, आणि गातो ती अमेरिकेच्या ग्रामीण भागातली 'कंट्री' पद्धतीची गाणी! लघुपटात तुमच्याआमच्यासारखी साधी माणसे एकेक करून समोर येतात. प्रत्येकाच्या हातात पाटी असते. जगाला सांगावेसे वाटणारे आपले एक वाक्य त्याने त्या पाटीवर लिहिलेले असते. काही वाक्ये गंभीर आहेत, काही वाचून हसू येते.

मला वाटते, परीक्षकांनी योग्य निवड केली. भाषण न करता, एका ओळीत आणि हसतखेळत बोलणे सोपे नाही. तरीही एक गोष्ट मनात राहते. ही सगळी माणसे कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी आहेत. पाटी कोणाला दाखवत आहेत? संशय घेणाऱ्या शेजाऱ्याला. ते एक प्रकारे साक्ष देत आहेत. संशय घेतला गेला तर उत्तर द्यावे लागते, त्यात कमीपणा नाही. पण सारखे उत्तरच देत बसले, तर घरात काय चालले आहे ते सांगायचे राहून जाते. म्हणून परीक्षकाने वहीत पहिला प्रश्न हा लिहावा: हा चित्रपट कोणाशी बोलतो आहे?

आता दुसरा एक चित्रपट पाहा. तो इराणचा आहे. माजिद माजिदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन', १९९७ सालचा. अली नावाच्या मुलाकडून त्याच्या लहान बहिणीचे, जोहराचे, बूट हरवतात. वडिलांजवळ नवे बूट घ्यायला पैसे नाहीत. मग भाऊबहीण एकच जोड वापरतात. सकाळी ती शाळेतून धावत येते, मग तो तेच बूट घालून शाळेला धावतो. पुढे धावण्याची शर्यत असते आणि तिसऱ्या क्रमांकाला बक्षीस म्हणून बूट असतात. अलीला तिसरा यायचे असते. बिचारा पहिला येतो आणि रडतो!

या चित्रपटात 'आम्ही मुसलमान असे असतो' असे कोणीच म्हणत नाही. पण एक प्रसंग आहे. मशिदीसाठी आलेल्या साखरेच्या ढेपांचे वडील घरी बसून खडे करत असतात. समोर साखरेचा ढीग असतो. मुलगी चहा आणते. वडील चहात टाकायला साखर मागतात. मुलगी त्या ढिगाकडे बोट दाखवते. वडील म्हणतात की ती मशिदीची आहे, आपली नाही. एवढेच. 'अमानत' हा शब्द तुम्हाला ठाऊक आहे. तो समजावून सांगणारे अर्ध्या तासाचे भाषण या अर्ध्या मिनिटाची बरोबरी करील का?

आपल्या हिंदी चित्रपटांनी मुसलमानांचे जीवन पुष्कळ दाखवले. 'चौदहवीं का चाँद' १९६० चा, 'मेरे मेहबूब' १९६३ चा. गाणी आजही गोड लागतात. पण त्यातल्या हवेल्या, शेरवान्या, मुशायरे आणि उठताबसता 'आदाब' पाहून परभणीच्या किंवा जिंतूरच्या मुलाला आपले घर दिसते का? त्याचे वडील रिक्षा चालवतात किंवा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलतात. आई शिवणकाम करते. घरात बोलतात ती लखनौची उर्दू नव्हे, दखनी. तिच्यात 'हौ' आहे, आणि मराठीच्या 'नको'चा 'नक्को' आहे. पडद्यावर दखनी बहुधा विनोदी नोकराच्या तोंडी येते. मला याचा राग येतो, आणि परीक्षकालाही तो थोडा यावा. जी भाषा आपली आजी बोलते, ती फक्त हसण्यासाठी कशी?

चांगला अपवाद म्हणजे 'गर्म हवा'. तुम्ही उर्दूत इस्मत चुगताई यांचे नाव वाचले असेल. त्यांच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा जैदी यांनी पटकथा लिहिली, आणि एम. एस. सथ्यू यांनी १९७३ साली चित्रपट केला. सथ्यू मूळचे म्हैसूरचे, मुसलमान नव्हेत. फाळणीनंतरच्या आग्रा शहरात सलीम मिर्झा यांचा चपला-बुटांचा कारखाना असतो. नातेवाईक एकेक करून पाकिस्तानात निघून जातात. मिर्झांना कर्ज मिळत नाही. हवेली हातची जाते. भाड्याचे घर शोधताना त्यांचे नाव आड येते. म्हाताऱ्या आईला जुनी हवेली सोडवत नाही. शेवटी तिला मरणापूर्वी तेथे पालखीतून आणतात. बलराज साहनी यांनी मिर्झांचे काम केले आहे. चित्रपट लोकांपुढे येण्याआधीच १३ एप्रिल १९७३ रोजी ते वारले.

या चित्रपटाला दोन प्रकारचे परीक्षक भेटले. सेन्सॉरने तो काही महिने अडवून ठेवला. दंगा होईल, अशी भीती होती. तो प्रदर्शित झाल्यावर त्याच चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेवरील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकाला ज्यात आग दिसली, त्यातच दुसऱ्याला एकात्मता दिसली! पहिल्या परीक्षकाने विचारले, 'हे पाहून लोक काय करतील?' दुसऱ्याने विचारले, 'यातून कोणता बोध मिळतो?' दोघांचेही प्रश्न पडद्याबाहेरचे आहेत. मला मात्र 'गर्म हवा' आठवतो तो घर शोधत दारोदार फिरणाऱ्या त्या शांत माणसामुळे.

आता आपल्या राज्यात येऊ. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव हे यंत्रमागांचे गाव आहे. तेथे शुक्रवारी माग बंद असतात आणि त्या दिवशी कामगार सिनेमा पाहतात. नासिर शेख यांचे तेथे छोटेसे व्हिडिओ सभागृह होते. त्यांनी व्हिडिओ कॅमेऱ्यावर गावातल्या माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. पुढे सुपरमॅनचा चित्रपट करायला घेतला. सुपरमॅन झाले शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारे अगदी किडकिडीत गृहस्थ. कॅमेरा पुढेमागे सरकवायला गाडी नव्हती, म्हणून सायकल वापरली. हे सर्व फैजा अहमद खान यांनी आपल्या २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपून ठेवले आहे. शफीक शेख यांना तोंडाचा कर्करोग झाला होता, त्यातच ते गेले.

मालेगावच्या या मंडळींना मुसलमानांचे जीवन दाखवायचेच नव्हते. त्यांना सुपरमॅन उडवायचा होता. पण तो उडवताना गाव आपोआप दिसले: मागांचा खडखडाट, शुक्रवारची सुटी, पैशांची ओढाताण, आणि नायिकेचे काम करायला गावातली मुलगी मिळत नाही म्हणून बाहेरून आणलेली नटी. ही शेवटची गोष्ट झाकून ठेवली असती तर गाव अधिक चांगले दिसले असते. पण मग ते मालेगाव राहिले नसते. आपल्यातले उणे दाखवले म्हणून गुण कापणारे परीक्षक पुष्कळ असतात. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

आता खरी परीक्षा. समजा, तुमच्या परभणी जिल्ह्यात अशी स्पर्धा झाली आणि तीन लघुपट तुमच्यापुढे आले.

पहिला परभणीच्या हजरत तुराबुल हक यांच्या उरुसावर आहे. फेब्रुवारीत भरणारा हा उरूस सर्वांचा आहे. हिंदू-मुसलमान दोघेही येतात. लघुपटात रोषणाई सुंदर टिपली आहे. पण दर मिनिटाला निवेदक 'एकतेचे प्रतीक' म्हणतो आणि मिठाईवाला, पाळणेवाला, नवस फेडायला आलेली बाई यांच्यापैकी एकाही माणसाला दोन वाक्ये बोलू देत नाही. दुसऱ्यात एक हुशार मुलगा डॉक्टर होतो, सर्व लोक टाळ्या वाजवतात. त्याला एकदाही झोप येत नाही, राग येत नाही, भूक लागत नाही.

तिसरा लघुपट आठ मिनिटांचा आहे. नववीतली मुलगी आहे आणि तिची आजी आहे. आजीला श्रावणबाळ योजनेचे पैसे मिळतात, ते या वेळी आले नाहीत. तहसील कार्यालयाचे पत्र आले आहे. ते मराठीत आहे. घरात मराठी वाचता येणारी ही एकटीच. ती अडखळत वाचते. एका शब्दावर मात्र ती थांबत नाही: 'हयातीचा दाखला'. 'हयात' तिला उर्दूतून ठाऊक आहे. १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती, कारभार उर्दूत चाले. तो शब्द मराठी कचेरीतही आहे. आजी विचारते, "मैं जिंदी हौं, इसका बी कागज होना क्या?" मुलगी हसते. पण पत्राच्या शेवटी पैसे बंद होण्याची ताकीद आहे. ती ओळ मुलगी वाचत नाही. पत्राची घडी घालते आणि म्हणते, "बस, इत्ताच है." दुसऱ्या दिवशी ती शाळा बुडवून आजीला तहसीलला नेते.

तुमच्या शेजारच्या परीक्षकाने या तिसऱ्या लघुपटाला सर्वांत कमी गुण दिले आहेत. ते म्हणतात, यात मशीद नाही, सण नाही, अशी गोष्ट कोणत्याही आजीची होऊ शकते, मग हे मुसलमानांचे जीवन कसे? शिवाय मुलगी आजीपासून एक ओळ लपवते, हे चांगले उदाहरण नव्हे. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असे नाही. मी मात्र याच लघुपटाला पहिला क्रमांक दिला आहे, आणि दोन गुण कापले आहेत. आजी तहसीलच्या पायऱ्या चढते तेथे सतार वाजवली आहे, ती नको होती.

तुमच्या वहीत तीन रकाने आखा. गुण लिहा, आणि प्रत्येक गुणापुढे कारण लिहा. कारण मराठीतच लिहा. अडले तर दखनी चालेल.