झाडावर डकवलेला कागद वाचा



रस्त्याने जाताना एखाद्या झाडाच्या बुंध्यावर प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला, उन्हाने निम्मा पुसट झालेला महापालिकेचा कागद दिसला, तर कृपया थांबा आणि तो वाचा. या आवाहनातली पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची विनंती हीच आहे. ते झाड कोणाला तोडायचे आहे, का तोडायचे आहे, आणि तुमची हरकत असेल तर ती किती दिवसांत, कोणाकडे द्यायची, हे सगळे त्या कागदावर असते. आपल्यापैकी बहुतेक जण तो न पाहताच पुढे जातात. मग एका सकाळी यांत्रिक करवत सुरू होते. आपण गॅलरीतून ओरडतो, मोबाइलवर चित्रीकरण करतो, आणि ठेकेदाराचा माणूस खिशातून परवानगीचे पत्र काढून दाखवतो. हरकतीची मुदत केव्हाच संपलेली असते. त्या क्षणी कायदा त्याच्या बाजूने असतो.

तोच कायदा त्याआधी काही दिवस आपल्या बाजूने होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. महाराष्ट्रातल्या शहरांसाठी झाडांचे संरक्षण व जतन करणारा अधिनियम १९७५ सालचा आहे. त्याने प्रत्येक महापालिकेत वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी ही व्यवस्था निर्माण केली. झाड तोडायचे असेल तर आधी अर्ज करावा लागतो. वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः जाऊन झाडाची पाहणी करायची, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची, झाडावर ठळक जागी नोटीस लावायची, आलेल्या हरकती ऐकायच्या आणि मग विषय प्राधिकरणापुढे जायचा. प्राधिकरणाने परवानगी दिली तरी लगेच कुऱ्हाड चालवता येत नाही; त्यानंतर १५ दिवस थांबावे लागते. दर ५ वर्षांनी शहरातल्या झाडांची गणना करणे हेही याच प्राधिकरणाचे काम आहे. गावाकडे राहणाऱ्यांसाठी १९६४ चा वेगळा कायदा आहे, पण हे पत्र शहरातल्या रस्त्यांपुरते आहे.

या कायद्यातली एक व्याख्या मला सगळ्यात मोलाची वाटते. झाड ‘तोडणे’ म्हणजे केवळ बुंधा आडवा करणे नव्हे. झाड जाळणे, कापणे किंवा कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे, हे सगळे त्यात येते. म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर रोज जे घडते, त्यातले पुष्कळसे याच शब्दात बसते. त्याकडे पुढे येतेच.

२०२१ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा मिळाला. एक झाड तोडले तर त्याचे जितके वय, तितकी झाडे बदल्यात लावायची. रोपे किमान ६ फुटांची हवीत, त्यांची जागा नकाशावर नोंदलेली हवी आणि त्यांची ७ वर्षे देखभाल व्हायला हवी, असे ठरले. म्हणून नोटिशीतला वयाचा रकाना नीट बघा. ५२ वर्षांचे झाड कागदावर ४० वर्षांचे झाले, तर त्याचा दर्जाही जातो आणि बदल्यात लावायची १२ झाडेही जातात. आजूबाजूच्या जुन्या रहिवाशांना विचारा. वाड्याचे, बंगल्याचे, शाळेचे जुने फोटो काढा. आजोबांच्या मुंजीच्या फोटोत मागे तेच झाड उभे असेल, तर त्याइतका चांगला पुरावा दुसरा कुठला?

नोटीस वाचताना आणखी काही गोष्टी पडताळा. नोटिशीत लिहिलेले झाड आणि ज्यावर ती लावली आहे ते झाड एकच आहे का? संख्या मोजा. ‘१ सुबाभूळ, २ गुलमोहर’ असे लिहिले असेल आणि आवारात त्याशिवाय एक जुने उंबराचे झाड असेल, तर ते यादीत नाही, हे आजच लिहून ठेवा. उद्या ते ‘चुकून’ जाऊ नये. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर साध्या टेपने मोजा. कारणाच्या रकान्यात ‘बांधकामास अडथळा’ असेल, तर इमारतीचा नकाशा थोडा सरकवून झाड वाचते का, वाहनतळाची रचना बदलता येते का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ‘धोकादायक’ असे लिहिले असेल, तर पाहणीचा अहवाल मागा. ‘पुनर्रोपण’ या शब्दाने तर अजिबात निर्धास्त होऊ नका. मोठे झाड उपटून दुसरीकडे लावताना त्याची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जागेवरच राहतात. वड-पिंपळासारखी झाडे कधीकधी तग धरतात. जुनी चिंच, आंबा, कडुनिंब क्वचितच. मुंबईत मेट्रोच्या कामासाठी हलवलेली पुष्कळ झाडे पुढे वाळून गेली. पुनर्रोपण कुठे होणार, किती मुळांसह होणार आणि पुढची काही वर्षे पाणी कोण घालणार, हे लेखी विचारा.

हरकती घेऊन काय होते, असे अनेक जण म्हणतात, आणि त्यांच्या निराशेला कारण आहे. मुंबईच्या आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायला नागरिकांनी हजारोंनी हरकती घेतल्या होत्या. तरीही परवानगी मिळाली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोडणी सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर २,१४१ झाडे गेली होती. हा इतिहास दुखरा आहे. पण न्यायालयाचे दार ठोठावायची वेळ आली, तर वेळेत दिलेल्या हरकतींची नोंद हाती असलेली बरी. आणि आपल्या गल्लीतले प्रकरण बहुतेक वेळा आरेएवढे मोठे नसते. एका बंगल्याच्या पुनर्विकासात चार झाडांचा प्रश्न असतो, त्यातली दोन वाचू शकतात. ती वाचतात का, हे बऱ्याचदा एवढ्यावरच ठरते की सुनावणीला कोणी हजर होते की खोली रिकामी होती.

आता सोसायट्यांबद्दल, कारण सर्वाधिक गैरसमज तिथे आहेत. ‘झाड आमच्या आवारात आहे, आम्हीच लावले, मग परवानगी कशाला?’ हे वाक्य वार्षिक सभेत तुम्हीही ऐकले असेल. झाड खाजगी जागेत असले तरी कायदा लागू आहे. फांद्या उतरवायच्या असतील तरी क्षेत्रीय कार्यालयातल्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो. अध्यक्ष, सचिव आणि सुतार यांनी मिळून रविवारी सकाळी उरकायचे हे काम नाही. पानांचा कचरा होतो, गाडीवर पक्ष्यांची घाण पडते, तिसऱ्या मजल्यावर अंधार येतो, ड्रेनेजमध्ये मुळे शिरतात, या तक्रारी खऱ्या आहेत. त्या करणारे लोक झाडांचे वैरी नाहीत. पण त्यांवर उपाय आहेत. गळके ड्रेनेज दुरुस्त केले की मुळांना तिकडे ओढ राहत नाही. पानांसाठी आवारातच एक खड्डा करता येतो. अंधारासाठी दोन-तीन आतल्या फांद्या विरळ केल्या तरी उजेड येतो, सगळा माथा उडवावा लागत नाही.

माथा उडवण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीत शहराचे सर्वाधिक नुकसान याच पद्धतीने होते. झाड उंच झाले, भीती वाटते, म्हणून वरचा सगळा भाग कापून नुसता खांब उभा ठेवतात. झाड मरत नाही. घाबरल्यासारखे त्या कापलेल्या टोकांवर एकाच वेळी डझनभर कोंब काढते. हे कोंब भराभर वाढतात, पण त्यांचा जोड सालीपुरताच, वरवरचा असतो. चार-पाच वर्षांनी त्यांच्या जड फांद्या होतात आणि वादळात नेमक्या त्याच तुटतात. उघड्या राहिलेल्या मोठ्या जखमेतून पाणी आणि बुरशी आत शिरते. म्हणजे ज्या भीतीने झाड छाटले, ती भीती आपणच पुढे वाढवून ठेवतो. एकाच बाजूच्या फांद्या साफ करणेही तसेच. तोल दुसरीकडे जातो. योग्य छाटणीत वाळलेली, रोगट, एकमेकींवर घासणारी फांदी जाते. जिथे ती बुंध्याला मिळते तिथे साल किंचित फुगलेली, सुरकुतलेली दिसते. तो फुगवटा शाबूत ठेवून त्याच्या बाहेरून काप घ्यायचा. त्या फुगवट्यातूनच जखम भरते. छाटणीची गाडी आली की खाली उभे राहून एवढे तरी सांगा. काम करणारी मुले बहुतेक वेळा ऐकतात. त्यांना कोणी हे सांगितलेलेच नसते.

धोकादायक झाडे असतात, हे मी नाकारत नाही. दर पावसाळ्यात झाड पडून माणसे जखमी होतात, प्राणही जातात, आणि ज्यांच्या घरी हे घडले त्यांच्यापुढे सावलीचे गुणगान करणे निर्दयपणाचे आहे. म्हणूनच खऱ्या खुणा ओळखायला शिकूया. बुंध्याशी भूछत्रे उगवली, सरळ झाड अलीकडे अचानक कलले, कललेल्या बाजूच्या उलट बाजूला जमीन भेगाळून उचलली गेली, तर त्याच दिवशी महापालिकेला कळवा; झाड पडतच असेल तर १०१ वर अग्निशमन दलाला. मेलेले, रोगाने पोखरलेले किंवा जीवितास धोका असलेले झाड काढायला कायद्याची आडकाठी नाही. नुसती ढोली दिसली म्हणून मात्र घाबरू नका. झाडाचा जिवंत भाग बाहेर, सालीच्या लगत असतो. ढोली असलेले वड-उंबर वर्षानुवर्षे उभे असतात, त्यांत पिंगळे आणि पोपट संसार करतात.

झाडे पडण्यामागे बऱ्याचदा आपलाच हात असतो. झाडाची अन्न शोषणारी मुळे वरच्या दीड-दोन फूट मातीतच पसरलेली असतात, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे. तिथेच आपण केबलसाठी चर खणतो, पदपथाचे ब्लॉक बसवतो, बुंध्याला घट्ट काँक्रीटचा गळफास लावतो. एका बाजूची मुळे कापली गेलेले झाड पहिल्या मोठ्या पावसात आडवे होते आणि दोष झाडाला दिला जातो. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच झाडाभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. आपल्या गल्लीत नवा पदपथ होत असेल, तर काम सुरू असतानाच कनिष्ठ अभियंत्याला गाठा आणि बुंध्याभोवती मोकळी माती ठेवायला सांगा. काँक्रीट वाळल्यावर कोणी फोडत नाही.

आणि कायद्याच्या व्याख्येतले ते झाड ‘जाळणे’. सकाळी झाडलेली पाने बुंध्याशी लोटून पेटवली जातात. ज्वाला दिसतही नाही, नुसता धूर. पण तेवढ्या धगीने त्या बाजूच्या सालीखालचा जिवंत थर भाजतो. वर्षभराने साल सुटून येते, आत काळे कोरडे लाकूड दिसते. तीच गोष्ट खिळ्यांची, क्लासच्या पाट्यांची, बुंध्याला आवळून बांधलेल्या रोषणाईच्या तारांची, टपरीवरून ओतलेल्या उकळत्या पाण्याची. होर्डिंगसमोरचे हिरवेगार झाड पंधरा दिवसांत वाळू लागले, तर बुंध्याशी छिद्रे पाडली आहेत का ते बघा, फोटो काढा आणि वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ही सगळी ‘इजा’ आहे, म्हणजे कायद्याच्या भाषेत तोडणीच.

नवी झाडे लावण्याचा उत्साह आपल्याकडे दांडगा आहे, त्याविषयी थोडक्यातच लिहितो. ५ जूनला फोटो काढून लावलेले रोप मार्चपर्यंत जगले तरच ते झाड. रस्त्याकडेला लावण्याआधी उद्यान विभागाची परवानगी घ्या, वर वीजवाहिनी आणि खाली जलवाहिनी नाही ना ते पाहा. खड्डा तीन फूट लांब, रुंद आणि खोल घ्या. अरुंद रस्त्याला बहावा, ताम्हण, कांचन. रुंद रस्त्याला करंज, कडुनिंब, कदंब. मोकळे मैदान असेल तरच वड. दोन उन्हाळे पाणी घालायला दोन घरे तयार नसतील, तर लावू नका. आणि जाळी! रोप वाढले तरी लोखंडी जाळी तशीच राहते, बुंध्यात रुतते. आजच्या आज आपल्या रस्त्यावरच्या जाळ्या बघून या.

हरकतीचा अर्ज लिहिणे अवघड नाही. वृक्ष अधिकाऱ्याच्या नावे साध्या कागदावर नोटिशीचा क्रमांक आणि तारीख, झाडाचे ठिकाण, जात, तुम्ही मोजलेला घेर, तुमच्या हरकतीची कारणे आणि ‘सुनावणीस मला बोलवावे’ एवढे लिहा. नोटिशीचा आणि झाडाचा फोटो जोडा. क्षेत्रीय कार्यालयात दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती परत आणा. अर्ज एकाने दिला तरी चालतो, पण गल्लीतल्या प्रत्येक घराने आपापला वेगळा दिला तर नोंदीत तितके आवाज दिसतात. निर्णयाची प्रत मिळाली नाही, तर माहिती अधिकारात प्राधिकरणाच्या बैठकीचे इतिवृत्त मागा. परवानगी झालीच असेल, तर तिच्यावरची तारीख बघून १५ दिवस मोजा. त्याआधी करवत आली, तर काम थांबवायला सांगा आणि तिथूनच उद्यान विभागाला व पोलिसांना फोन करा.