दोन डझन खेळांतून पहिला कोणता?

धुळ्याच्या आग्रा रोडवरील कापडाच्या दुकानात नवे गिऱ्हाईक आले, तर मुरलेला दुकानदार फळीवरचे सगळे तागे खाली काढीत नाही. कोणासाठी हवे, कोणत्या प्रसंगासाठी हवे, एवढे विचारतो आणि मोजके तीन तागे उलगडतो. संगणकावरील खेळांचे दुकान मात्र असे विचारीत नाही. तेथे सारा माल एकाच वेळी समोर येतो, जुना आणि नवा शेजारी शेजारी, आणि नावे अशी की एकाच खेळाच्या तीन आवृत्त्या तीन वेगळे खेळ वाटाव्यात. दिवाळीच्या सुटीत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला एखादा चांगला खेळ घेऊन द्यावा असे ज्या घरात ठरते, तेथे पहिली अडचण पैशांची नसते, निवडीची असते.

त्याआधीची एक शंका दूर करणे भाग आहे. व्यापारी घरांत 'गेम' हा शब्द हल्ली धास्तीनेच उच्चारला जातो, आणि ते अकारण नाही. मोबाइलवर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांनी कित्येक घरांतील गल्ला पोखरला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो याच कारणाने. येथे ज्या खेळांचा विचार करायचा आहे त्यांचा या जातकुळीशी संबंध नाही. ते एकदा विकत घ्यावे लागतात. पुढे खेळताना पैसे मागत नाहीत, समोर कोणी परका माणूस खेळत नसतो आणि जिंकण्या-हरण्यात रुपयाची देवघेव नसते. त्यांना आरपीजी म्हणतात. खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो, लोकांशी बोलतो, कोणाची बाजू घ्यायची ते ठरवतो आणि त्याच्या निर्णयांप्रमाणे कथा वळण घेते. जैन परंपरेतील ज्ञानबाजीचा पट ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही कल्पना अगदीच अनोळखी वाटू नये. खाली नरक, वर सिद्धशिला, मध्ये शिड्या आणि साप. फरक इतकाच, की ज्ञानबाजीत सोंगटी कोठे जाईल ते दान ठरवते. आरपीजीत ते खेळणाऱ्यालाच ठरवावे लागते.

महाराष्ट्रात असे खेळ घडत नाहीत असे नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० मध्ये जगभर पोहोचला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकनही मिळाले. भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ती देखणी कथा आहे. तथापि तो मुख्यतः चपळाईने लढण्याचा खेळ आहे. निवडीचा आणि संवादाचा नव्हे. सावकाश, विचार करीत खेळायच्या आरपीजी एकहाती आणि सातत्याने रचणारा निर्माता पाहायचा, तर अमेरिकेतील सिएटल शहराकडे वळावे लागते.

तेथे जेफ व्होगेल नावाचा गणिताचा विद्यार्थी उच्च शिक्षण अर्धवट सोडून खेळ रचू लागला. १९९४ मध्ये त्याने स्पायडरवेब सॉफ्टवेअर ही पेढी काढली. पेढी हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. व्होगेल आणि त्याची पत्नी मॅरिअन क्रिझन हे दोघे तो व्यवसाय घरातूनच सांभाळतात. चित्रे आणि इतर थोडी कामे बाहेरून करवून घेतात. मागे कोणी मोठा भांडवलदार नाही. तीस वर्षांत दोन डझनांहून अधिक खेळ या घरातून बाहेर पडले. विक्रीची रीतही ओळखीची वाटेल अशीच होती : खेळाचा पहिला बराचसा भाग फुकट द्यायचा, गोडी लागली तर पुढचा भाग विकत घ्यावा. धान्य मुठीत घेऊन, पारखून, मग पोते उचलणाऱ्या जळगावच्या दाणाबाजाराला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

या पेढीच्या मालाचा सगळा घोटाळा एका गोष्टीमुळे होतो. तिने आपलेच खेळ पुन्हा पुन्हा नव्याने रचले. पहिला खेळ 'एक्झाइल : एस्केप फ्रॉम द पिट', १९९५चा. तीच कथा २००० मध्ये 'अव्हर्नम' या नावाने पुन्हा आली. तीच २०११ मध्ये 'अव्हर्नम : एस्केप फ्रॉम द पिट' म्हणून तिसऱ्यांदा आली. संगणक बदलत गेले, जुने खेळ त्यांवर नीट चालेनात, म्हणून खाते तेच ठेवून वही नवी बांधली गेली. शिस्तीने वाढलेले मूल साहजिकच म्हणते, प्रारंभ पहिल्यापासूनच करावा. नेमके तेच करू नये. १९९५चा 'एक्झाइल' हा आज संग्रहात ठेवण्याजोगा आहे, खेळण्याजोगा नाही; आणि त्याच्यापाशी अडखळलेले मूल तिसऱ्या दिवशी मोबाइलकडे परतते. तसेच 'अव्हर्नम' ४, ५ आणि ६ यांच्या क्रमांकांना भुलू नये. त्या नंतरच्या कथा आहेत. खूण लक्षात ठेवावी ती उपनावाची : 'एस्केप फ्रॉम द पिट', 'क्रिस्टल सोल्स' (२०१५) आणि 'रुइन्ड वर्ल्ड' (२०१८). ही तीन नवी.

बहुतेक घरांसाठी 'एस्केप फ्रॉम द पिट' हाच योग्य दरवाजा आहे. पृथ्वीच्या पोटात अफाट गुहांचा प्रदेश आहे. वरचे साम्राज्य आपल्याला नकोशी झालेली माणसे एका एकेरी वाटेने तेथे ढकलून देते. चोर, बंडखोर, नुसतेच न जुळणारे. त्यांनी अंधारात गावे वसवली आहेत; अळंब्या पिकवतात, सरडे पाळतात, आपसांत व्यापार करतात. खेळणारा चार जणांची टोळी घेऊन तेथे उतरतो. पुढे तीन मोठी कामे समोर येतात : सुटकेची वाट शोधणे, ज्या सम्राटाने ढकलले त्याच्यावर सूड उगवणे, आणि गुहांतील एका बलाढ्य दैत्याचा बंदोबस्त करणे. तिन्ही केलीच पाहिजेत असे बंधन नाही. हद्दपार माणसाला सूड हवा की सुटका, हा प्रश्न खेळ स्वतः सोडवीत नाही.

मारवाडातून बैलगाड्यांनी आणि पायी खान्देशात उतरलेल्या घराण्यांच्या आठवणी ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, तेथील मुलांना परक्या भूमीवर गाव उभे करणाऱ्या लोकांची ही कथा लवकर आपलीशी वाटण्याचा संभव आहे. अर्थात ही घराणी कोणी ढकलून दिलेली नव्हती, तुलना तेवढ्यापुरतीच.

गल्ल्यावर बसून वाढलेल्या मुलाला मात्र 'रुइन्ड वर्ल्ड' अधिक भावेल, आणि पहिला खेळ म्हणून तोच दिला तरी बिघडत नाही. कथा स्वतंत्रपणे समजते. यात गुहांतील लोक अखेर वर येतात आणि पाहतात तो पृथ्वीवर एकामागून एक अरिष्टे कोसळत आहेत. मूळ कामगिरी त्या अरिष्टांचे कारण शोधण्याची. पण ती बाजूला ठेवून माणूस व्यापार करू शकतो. एका गावी माल घ्यायचा, दुसऱ्या गावी विकायचा. पैसे साठले की स्वतःचे घरही घेता येते. मुलांना यात मोठी गंमत वाटते. आणि मग खेळ आपला खरा डाव टाकतो. दिवस पुढे सरकत असतात. भाव पाहण्यात आणि फेऱ्या मारण्यात जो वेळ जातो, त्या वेळात अरिष्ट थांबलेले नसते. महिन्याभराने त्याच गावी परत यावे तर भिंती पडलेल्या, काही माणसे निघून गेलेली, काही मेलेली. ज्या दुकानदाराला माल विकला होता तो आता नाही. खेळ कोठेही उपदेश करीत नाही, गुण कापत नाही. गाव तेवढे उजाड झालेले असते. दुष्काळाच्या वर्षी धान्याची कोठारे उघडायची की भाव चढण्याची वाट पाहायची, हा प्रश्न ज्या समाजापुढे पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिला, त्या समाजातील बापाने मुलाशेजारी बसून हा खेळ थोडा वेळ तरी पाहावा.

हिंसेचा मुद्दा टाळता येणार नाही. 'अव्हर्नम'मध्ये लढाया आहेत आणि त्या चुकत नाहीत. चित्रे लहान आणि साधी आहेत, डोळ्यांना खुपणारे फारसे काही नाही, लढाईही पाळीपाळीने चालते. म्हणजे खेळणाऱ्याने चाल केल्याखेरीज समोरचा हलत नाही आणि मध्येच गिऱ्हाईक आले तर सारे जागच्या जागी थांबून राहते. तरी मारणे ते मारणेच. पडद्यावरही ते नको असे ज्या घराचे मत आहे, त्या घराने 'अव्हर्नम' घेऊ नये. त्यांच्यासाठी गोव्यातील फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह या एकांड्या निर्मात्याचा 'फॉरगॉटन फील्ड्स' (२०२१) आहे. बालपणीचे घर विकले जाण्याआधी तेथे परतलेल्या लेखकाची ती शांत कथा. आरपीजी नव्हे, पण सुटीतील दोन संध्याकाळी चांगल्या जातील.

या दोन टोकांच्या मध्ये 'जीनफोर्ज १ : म्युटाजेन' उभा आहे. मूळ खेळ २००१चा, नवी आवृत्ती २०२१ची. वयाने थोड्या मोठ्या, वाद घालणाऱ्या मुलामुलींसाठी या पेढीच्या मालात याहून सरस काही नाही. 'शेपर' नावाचा एक पंथ विद्येच्या बळावर जीव निर्माण करतो : ओझी वाहणारे, पहारा देणारे, सेवा करणारे. ते जीव बोलतात, भितात, दुखावतात. पण पंथाच्या लेखी त्या वस्तू आहेत. असाच एक नवशिका शेपर प्रवासात संकटात सापडून एका निषिद्ध बेटावर येऊन पडतो. पंथाने ते बेट कधीच सोडून दिलेले असते आणि तेथील सेवक मागे राहिलेले असतात. मालकावाचून इतकी वर्षे जगताना त्यांच्यात तीन तट पडले आहेत. एक मालकांच्या परतण्याची भक्तिभावाने वाट पाहतो, दुसरा म्हणतो की आम्ही तुमच्या बरोबरीचे आहोत, तिसऱ्याला मालकांचा नायनाट हवा आहे. नवशिक्याने कोणाचे ऐकायचे? प्रत्येक तटाकडे सांगण्यासारखे काही आहे आणि प्रत्येकाच्या बोलण्यात एक खोट आहे. बेटावर जागोजागी शक्ती वाढवणाऱ्या कुप्याही ठेवलेल्या आहेत. त्या वापरल्या की सामर्थ्य झटकन वाढते, आणि त्याबरोबर मन उद्दाम होत जाते. किती वापरल्या याचा हिशेब कथेच्या शेवटी निघतो.

यात नेतृत्वाची आणि यंत्रे हाताळण्याची कला आधी वाढवली तर अनेक लढाया बोलून, चुकवून किंवा दार उघडून टाळता येतात. 'एजंट' ही भूमिका घेतली तर स्वतः जीव निर्माण न करताही पुढे जाता येते. जीवमात्राला वस्तू मानायचे की नाही, यावर जेवणाच्या पाटावर चर्चा होईल असा संगणकावरील खेळ क्वचितच सापडतो.

'क्वीन्स विश : द काँकरर' (२०१९) अधिक सुटसुटीत आहे. राणीचे लाडावलेले धाकटे अपत्य, हातून गेलेल्या दूरच्या वसाहतीची घडी पुन्हा बसवण्यासाठी पाठवले जाते; किल्ले ताब्यात घ्यायचे, त्यांत लोहाराची आणि इतर दुकाने मांडायची, कच्च्या मालाचा ओघ चालू ठेवायचा. दूरच्या शाखेवर पाठवलेल्या धाकट्या मुलाची गत थोडीफार अशीच असते. 'अव्हाडन'च्या तीन खेळांत (२०११ ते २०१६) वाट बरीच आखून दिलेली आहे. ते नंतर पाहिले तरी चालतील.

हे सर्व खेळ इंग्रजीत आहेत आणि त्यांत वाचायला पुष्कळ आहे. वाचनाचा कंटाळा असलेल्या मुलाला ते देण्यात अर्थ नाही. ज्याला इंग्रजी कादंबरी अडखळत का होईना वाचता येते, त्याला अडचण पडू नये. महागडा संगणक लागत नाही. दुकानात ज्यावर टॅली चालते त्यावर 'अव्हर्नम'ही बहुधा चालेल. आरंभी सर्वांत सोपी पातळी निवडावी, त्यात कमीपणा नाही.

खरेदीपूर्वी पेढीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून फुकट नमुना घेऊन पाहावा. स्टीम या दुकानातून रुपयांत आणि यूपीआयने खेळ घेता येतो, मात्र तेथील खाते तेरा वर्षांखालील मुलांसाठी नाही. उन्हाळ्यात आणि डिसेंबरअखेर तेथे सवलतीचे सेलही लागतात. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. पण या खेळांत पहिले दोन तास पहिल्या गावातल्या माणसांशी बोलण्यातच जातात, म्हणून पारख नमुन्यावरच करून घेणे बरे.