अंगणातील शिलोद्यान आणि श्रावकाची जयणा
सदर : गृह आणि आचार

जुना वाडा उतरवून त्या जागी नवे घर उभे राहते, तेव्हा घरापुढे आणि बाजूला थोडी मोकळी जागा उरते. त्या जागेचे काय करावे हा प्रश्न बहुतेक कुटुंबांत अगदी शेवटी, गृहप्रवेशाची तिथी जवळ आल्यावर निघतो. मग उत्तरही घाईचे मिळते. कोणी सर्वत्र पेव्हर ब्लॉक बसवून टाकतो, कोणी हिरवळ लावतो, तर कोणी जागा तशीच सोडून देतो. अलीकडे यात शिलोद्यानाची, म्हणजे रॉक गार्डनची भर पडली आहे. ‘देखभाल कमी’ या एका गुणासाठी माळी त्याची शिफारस करतात. श्रावकाच्या घरी या गुणाला आणखी एक बाजू आहे. ज्या अंगणात रोज पाणी सोडावे लागत नाही, दर पंधरवड्याला गवत कापावे लागत नाही आणि औषध फवारावे लागत नाही, त्या अंगणात जीवविराधना कमी होते. मात्र केवळ दगड मांडले म्हणजे शिलोद्यान निर्दोष ठरत नाही. दगड कोठून आला, तो कसा बसवला आणि त्याच्या कुशीत काय लावले, यावर ते अवलंबून असते.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण हे एक व्रत आहे. प्रयोजनावाचून जमीन खणणे, पाणी सांडणे, झाडे तोडणे हे त्यातील प्रमादाचरणात मोडते. बाग करणे हा आरंभ आहे हे नाकारता येत नाही. परंतु मोकळ्या जागेला काही न करणे हाही निर्दोष पर्याय नाही. उघड्या मातीवर पहिल्या पावसात गवत उगवते, त्यात असंख्य जीव वस्तीला येतात आणि घरातील माणसे दिवसभर त्यावरून ये-जा करतात. पुढे तेच गवत विळ्याने कापले जाते किंवा तणनाशकाने जाळले जाते. पेव्हर ब्लॉकने पावसाचे पाणी जमिनीत मुरायचे कमी होते आणि उन्हाळ्यात अंगण तव्यासारखे तापते. हिरवळीचा हिशेब तर सहज मांडता येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटर हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी दिले, तर रोजचे 500 आणि महिन्याचे 15,000 लिटर होतात. सोलापूर, नगर, जालना, बीड या भागांत जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हा खर्च केवळ पैशाचा राहत नाही. अप्कायाच्या विराधनेचाही तो हिशेब आहे.

शिलोद्यानाचा पहिला विचार दगडाचा. उत्तराध्ययन सूत्राच्या छत्तिसाव्या अध्ययनात पृथ्वीकायाचे भेद सांगताना खडे, वाळू, पाषाण आणि शिला यांची नावे येतात. खाणीतील दगड हा जैन दृष्टीने निर्जीव पदार्थ नव्हे. पंधरा कर्मादानांत फोडीकर्म गणले आहे ते याच कारणाने. म्हणून केवळ शोभेसाठी खाणीतून नवा दगड फोडून मागवणे श्रावकाला शोभत नाही. तशी गरजही क्वचितच पडते. वाडा उतरवताना जोत्याचा घडीव काळा पाषाण निघतो, नव्या घराचा पाया खणताना गोटे निघतात, परसात जुने जाते, उखळ, पाटा, रगडा पडलेला असतो. हे दगड खाणीतून निघून, टाकीचे घाव आणि कित्येक वर्षांचे ऊन-पाऊस सोसून झालेले आहेत. बहुतेक ठिकाणी ते भंगाराच्या भावाने जातात. त्यांचाच उपयोग करावा. चंदीगड येथे नेकचंद सैनी या रस्ते निरीक्षकाने 1957 च्या सुमारास, पाडलेल्या गावांतील फुटके सामान आणि वेचून आणलेले दगड यांतून गुपचूप एक उद्यान रचायला सुरुवात केली. 1976 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले आणि आज देशोदेशीचे प्रवासी ते पाहायला येतात. टाकाऊ वस्तूंतून शोभा निर्माण होते याचे हे मोठे उदाहरण आहे.

काही गोष्टी मात्र वर्ज्य मानाव्यात. नदीपात्रातील गुळगुळीत गोटे उचलून आणू नयेत. त्यांच्या खाली आणि फटींत जलचरांचा निवास असतो. शंख, शिंपले आणि पोवळी यांची सजावट टाळावी. ती जीवांची कलेवरे आहेत. जीर्णोद्धारात निघालेले मंदिराचे शिल्प वा खंडित प्रतिमेचा भाग बागेत मांडणे ही आशातना होय. बाजारात शोभेसाठी मिळणाऱ्या तीर्थंकरांच्या मूर्तीही उघड्यावर, येत्या-जात्या पावलांच्या पातळीवर ठेवू नयेत.

दुसरा विचार वाटेचा, आणि आखणीची सुरुवात येथूनच व्हावी. फाटकापासून उंबऱ्यापर्यंतची वाट आधी रेखावी, बाग नंतर. साधू-साध्वी गोचरीसाठी येतात तेव्हा हिरव्या गवतावर, शेवाळावर किंवा सचित्त पाण्यावर पाऊल ठेवत नाहीत. दारापर्यंत हिरवळ पसरलेल्या घरातून त्यांना परत फिरावे लागते आणि घरच्यांना सुपात्रदानाचा लाभ हुकल्याचे कळतही नाही. वाट किमान चार फूट रुंद असावी. ती दोन्ही बाजूंच्या वाफ्यांपेक्षा इंचभर उंच आणि मधोमध किंचित फुगीर असावी, म्हणजे पाणी तिच्यावर न थांबता बाजूला उतरते. जोत्याचे सपाट, टाकी लावलेले दगड या कामाला उत्तम. घोटीव फरशीवर पावसात पाय घसरतो. वाटेवर कुंडी, वेल किंवा झुकलेली फांदी येऊ देऊ नये. घरातील वृद्धांनाही हीच वाट सोयीची ठरते.

वाट ठरली की उरलेला एक कोपरा शिलोद्यानासाठी घ्यावा. दहा फूट बाय बारा फूट एवढी जागा सामान्य घराला पुरते. जागा उन्हाची आणि भिंतीपासून दोन फूट सुटी असावी, म्हणजे ओल भिंतीत जात नाही. खणण्यापूर्वी जागा नीट न्याहाळावी आणि मऊ झाडूने पुंजून घ्यावी. मुंग्यांचे वारूळ आढळले तर वाफ्याची जागा बदलावी. आपल्याकडील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर थेट ठेवलेला दगड एक-दोन वर्षांत कलतो. म्हणून फूटभर माती काढून तळाशी विटांचे तुकडे, त्यावर मुरूम आणि त्यावर मातीचा थर द्यावा. निघालेली माती बाहेर न टाकता तिचाच मागच्या बाजूला उतार करावा. या उतारामुळे दगडांना टेकू मिळतो आणि पाणी साचत नाही.

दगडांची संख्या कमी आणि आकार मोठा ठेवावा. एवढ्या जागेला तीन मोठे आणि आठ-दहा मध्यम दगड पुरेत. शक्यतो एकाच जातीचा दगड वापरावा. काळा पाषाण, जांभा आणि संगमरवर एकत्र आले की बाग दगडाच्या वखारीसारखी दिसते. सर्वांत मोठा दगड प्रथम बसवावा आणि इतरांची जागा त्याच्यावरून ठरवावी. प्रत्येक दगडाचा रुंद भाग खाली असावा आणि त्याचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा जमिनीत असावा. वर ठेवल्यासारखा दगड डोळ्यांना खटकतो आणि लहान मुलाच्या अंगावर कलंडण्याचेही भय असते. दगडावरच्या रेषा आणि थर एकाच दिशेने राहतील असे पाहावे. दगड किंचित मागे, उताराकडे झुकवावेत, म्हणजे पावसाचे पाणी त्यांच्यावरून मुळांकडे जाते. एक घनफूट काळा पाषाण सुमारे 80 किलो भरतो. म्हणून हे काम पहार, दोर आणि चार माणसे यांच्या मदतीने सावकाश करावे. याच वजनामुळे, अभियंत्याला विचारल्यावाचून गच्चीवर शिलोद्यान करू नये.

सावकाश करण्याचे आणखी एक कारण आहे. दगड एकदा बसला की त्याच्या खाली गारवा धरून बेडूक, गोगलगाय, गोम, विंचू आसरा घेतात. पुढे हौसेखातर तो हलवणे म्हणजे एक वस्ती उद्ध्वस्त करणे होय. म्हणून प्रथम कागदावर आखणी करावी, जमिनीवर चुन्याने खुणा कराव्यात, घरातील सर्वांनी दोन-चार दिवस त्या पाहाव्यात आणि मगच पहार उचलावी.

वनस्पतींच्या निवडीत जैन घराची खरी अडचण येते. शिलोद्यान म्हटले की माळी कोरफड, शेर, निवडुंग, घायपात यांची यादी पुढे करतो. परंतु जीवविचार प्रकरणात थोर, कुंवार म्हणजे कोरफड, गुग्गुळ आणि गुळवेल यांची गणना साधारण वनस्पतीत, म्हणजे अनंतकायात केली आहे. कापली तरी पुन्हा उगवते ही तिची एक ओळख सांगितली आहे. या वनस्पती झपाट्याने वाढतात. मग त्यांची पिले वेगळी करावी लागतात, वाढलेला भाग छाटून फेकावा लागतो. पाण्याची जी बचत झाली तिच्यापेक्षा ही विराधना मोठी ठरू शकते. अमेरिकेतून आलेले निवडुंग आणि घायपात यांची नावे या यादीत नाहीत. त्यांच्याबाबत काय धरावे ते गुरुमहाराजांना विचारून ठरवावे. घरात आधीच असलेली कोरफड उपटून टाकणे हा मात्र उपाय नव्हे. तिला एका बाजूला निवांत जागा द्यावी आणि हात लावू नये.

लावायचेच तर कमी पाण्यावर तगणाऱ्या आणि छाटणी न मागणाऱ्या साध्या झाडांची निवड करावी. कोरांटी मुरमाड जमिनीत आनंदाने राहते. सदाफुली दगडाच्या फटीतही फुलते. तुळस, सब्जा आणि मागच्या बाजूला एखादी तगर एवढ्याने कोपरा भरतो. बोगनवेल पाणी थोडे घेते, पण वारंवार कात्री मागते. कण्हेरीचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुलांच्या घरात ती नको. झाडे एकमेकांपासून दीड-दोन फुटांवर लावावीत. हवा खेळती राहिली की कीड कमी येते. साताऱ्याजवळील कास पठारावर जांभ्याच्या खडकावर मातीचा पातळ थर असतो. पावसाळ्यात तेथे तेरडा, सोनकी, सीतेची आसवे फुलतात आणि नंतर खडक कोरडा पडून राहतो. घरच्या शिलोद्यानानेही हाच क्रम स्वीकारावा. चैत्र-वैशाखात ते थोडे करडे दिसले तर बिघडत नाही. त्या वेळी दगडांची शोभा पुरेशी असते. कास येथील रोपे मात्र उपटून आणू नयेत. 2012 पासून ते क्षेत्र पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात आहे.

खताबाबतही सावध राहावे. रोपवाटिकेतील तयार मातीत आणि खतांत पुष्कळदा हाडांचा चुरा मिसळलेला असतो. रक्ताचे किंवा मासळीचे खतही विकले जाते. पिशवीवरील मजकूर वाचल्यावाचून आणि दुकानदाराला स्पष्ट विचारल्यावाचून काही घेऊ नये. या झाडांना फार खत लागतही नाही. जुने, पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग, माती दोन भाग आणि जाडसर वाळू किंवा बांधकामातून उरलेली बारीक कच दोन भाग, एवढे मिश्रण पुरते. वरून दोन इंच खडी पसरावी. 120 चौरस फुटांना 20 घनफूट, म्हणजे ब्रासचा पाचवा हिस्सा खडी लागते. घर बांधताना ढिगाऱ्यात तेवढी उरतेच. खडीमुळे ओल टिकते, वरचा थर कोरडा राहतो आणि तण थोडेच उगवते. खाली प्लास्टिकचा कागद अंथरू नये. त्याने पाणी मुरणे थांबते आणि मातीतील जीव गुदमरतात.

पाणी गाळलेले असावे आणि ते सूर्य असताना, झाऱ्याने थेट मुळाशी द्यावे. रोपे रुजली की उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा रोपामागे लिटरभर पाणी पुरते. वीस रोपांना वीस लिटर, म्हणजे एक-दोन बादल्या. कारंजे आणि कृत्रिम झरा टाळावा; सतत ओल्या दगडावर शेवाळ धरते, आणि शेवाळही अनंतकायच आहे. पक्ष्यांसाठी पाणी ठेवायचे असेल तर जुने उखळ उपयोगी पडते. ते रोज सकाळी भरावे आणि संध्याकाळी उरलेले पाणी झाडांना देऊन कोरडे करावे. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासांची पैदास होते आणि मग धूर व फवारे यांचा मोह आवरत नाही.

कामाचा काळ पंचांगच सांगते. चातुर्मासात जमीन खणू नये. कार्तिकी पौर्णिमेनंतर आखणी आणि खोदकाम करावे, कारण तेव्हा जमीन कोरडी होत जाते आणि जीवोत्पत्ती घटते. माघ-फाल्गुनापर्यंत दगड बसवून व्हावेत. नंतर उन्हाळाभर माती दबू द्यावी. मृगाच्या सरी पडल्यावर, आषाढी चौदसीच्या आत रोपे लावावीत. त्यापुढील चार महिने बागेत खुरपे, कात्री काहीही नेऊ नये. वाट तेवढी रोज हलक्या हाताने झाडावी आणि शेवाळ धरू नये म्हणून ती कोरडी राहते ना, हे पाहावे. पर्युषणात महाराजसाहेब गोचरीला येतील तेव्हा त्यांना फाटकापासून उंबऱ्यापर्यंत निर्दोष वाट मिळावी, हेच या आखणीचे प्रयोजन आहे.