दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण?

पावसाळा ओसरून सह्याद्रीचा कातळ कोरडा पडला, की मीरा रोड आणि भाईंदर या स्थानकांवर शनिवारी दुपारनंतर पाठीवर बोजा घेतलेली तरुण मंडळी दिसू लागतात. दादरला गाडी बदलून कर्जत अथवा कसाऱ्याकडे जायचे, पायथ्याच्या गावी किंवा एखाद्या गुहेत रात्र काढायची, रविवारचा दिवस दोरावर घालवायचा आणि सोमवारी कचेरीत वा वर्गात हजर व्हायचे, असा हा क्रम. मुंबई परिसराला तो नवा नाही. ‘गिरिविहार’ ही संस्था १९५४ साली स्थापन झाली. दार्जिलिंगची हिमालयन मौंटेनिअरिंग इन्स्टिट्यूटही त्याच वर्षीची. एव्हरेस्टवर मानवाचे पाऊल पडून तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोहोचले, २०१२ साली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण पोहोचले. या यशामागे मुंब्रा, कान्हेरी, ड्यूक्स नोज अशा ठिकाणी खरचटलेल्या कित्येक रविवारांची पुण्याई आहे.

अलीकडच्या काळात मात्र या शनिवार-रविवारचे रूप पालटले आहे. संस्थेच्या शिबिराशेजारीच आता व्यावसायिक सहल उभी आहे. तंबू, शेकोटी, जेवण आणि ‘रॅपलिंग’ या सर्वांचे एकत्रित शुल्क भरायचे, की झाले. पैसे घेऊन सेवा देणे हा काही गुन्हा नव्हे. पण जाहिरातीत चढाईपेक्षा उतरणीचाच बोलबाला का असतो, हे पाहण्यासारखे आहे. दोरावरून कडा उतरणे दहा मिनिटांच्या सूचनांवर कोणालाही जमू शकते. कडा चढणे जमायला अनेक आठवडे लागतात, आणि ज्याला आठवडे लागतात ते दोन दिवसांत विकता येत नाही. शिवाय उतरताना माणसाचा सारा भार कड्याच्या माथ्यावर बसविलेल्या आधारांवर असतो. ते आधार कोणी बसविले, किती बसविले आणि एक निसटला तर दुसरा भार पेलेल काय, हे उतरणाऱ्याला दिसतही नाही. थरार त्याच्या वाट्याला येतो. जोखमीचा हिशेब दुसऱ्याच्या हाती राहतो.

जुन्या पद्धतीच्या प्रस्तरारोहण शिबिरात गोष्ट उलटी असते. तेथे नवख्याला पहिल्या सकाळी कड्यावर चढवीत नाहीत. आधी गाठी शिकवितात. मग चढणाऱ्याचा दोर कसा सांभाळावा, म्हणजे या मंडळींच्या बोलीत ‘बिले’ कसा द्यावा, ते शिकवितात. चढणारा घसरला तर त्याला अडविणे हे त्याचे काम. त्याची नजर हलली, गप्पांत लक्ष गेले, दोर सैल राहिला, की खालच्या खडकाशी गाठ. म्हणून संस्थेत आलेला प्रत्येक जण चढणारा होण्यापूर्वी राखणदार होतो. दोन हात आणि दोन पाय यांपैकी एका वेळी एकच हलवायचा, उरलेले तीन आधार पक्के ठेवायचे, हा नियमही पुरुषभर उंचीवरच घोटून घेतात.

सह्याद्रीत या शिस्तीला पर्याय नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून हा बेसॉल्ट घडला. कठीण थरांच्या मधल्या पट्ट्या मऊ आणि भुसभुशीत, त्यांवर गवत माजलेले. हाताला आलेला खडकाचा उंचवटा ठोकून पाहिल्याशिवाय त्यावर भार देऊ नये, हे येथे पहिल्या दिवशीच सांगावे लागते. कपारींना लटकलेली आग्या मोहोळे हा आणखी एक धोका. धूर, अत्तर, आरडाओरडा यांनी माशा उठल्या तर दोरावर अडकलेल्या माणसाला पळताही येत नाही. शिबिरात शांतता पाळण्याचा आग्रह धरतात तो उगाच नव्हे. साहित्याचीही एक खूण सांगण्यासारखी आहे. चढाईचा दोर ताण आला की लांबतो आणि पडणाऱ्याच्या देहाला बसणारा हिसका स्वतःत जिरवितो. उतरण्याचा दोर फारसा लांबत नाही. दोन्ही दोर सामान्य माणसाला सारखेच दिसतात. चढाईला उतरण्याचा दोर वापरला तर तो तुटेल असे नाही, पण पडणाऱ्याचा कणा मात्र त्या हिसक्याने दुखावू शकेल.

अपघात नवख्यांनाच होतात असेही नव्हे. अनेक दशके सह्याद्रीत वावरलेले अरुण सावंत जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा शिखरावर हिमप्रपातात सापडली आणि सत्तावीस जणांचे मृतदेह हाती आले. ती तर देशातील नामांकित प्रशिक्षण संस्था. याउलट मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतील कुरंगणीच्या वणव्यात वीसहून अधिक पदभ्रमणकर्ते दगावले, तेव्हा परवानगी, वाट आणि ऋतू यांविषयी विचारले गेलेले प्रश्न आधीच विचारता आले असते. पहिल्या दोन घटनांत जोखीम जाणून पत्करलेली होती. कुरंगणीत तिची कल्पना किती जणांना होती, हा खरा प्रश्न. नियमांचा विचार या भेदापासून सुरू व्हायला हवा.

महाराष्ट्रात तो तसा झाला असे म्हणवत नाही. मोहिमेवर मुलगा गमावलेल्या पालकांनी मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावल्यानंतर शासनाला हालचाल करणे भाग पडले. २०१४ साली क्रीडा खात्याने सुरक्षेचे नियम काढले. त्यांवर गिर्यारोहण संस्थांनी आक्षेप घेतले. २०१८ साली सुधारित निर्णय आला, त्यावरही समाधान झाले नाही. अखेर २०२१ साली पर्यटन खात्याने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि आयोजकांना नोंदणी आवश्यक ठरविली. क्रीडा खात्याकडून पर्यटन खात्याकडे झालेले हे स्थलांतर वरवर कारकुनी वाटते, पण त्यात एक दृष्टिकोन दडलेला आहे. क्रीडा खात्याच्या लेखी कड्यावरचा मुलगा खेळाडू किंवा विद्यार्थी. पर्यटन खात्याच्या लेखी तो ग्राहक. ग्राहकाला विमा, प्रथमोपचार पेटी आणि प्रशिक्षित वाटाड्या द्यावा लागतो, हे रास्तच. पण दोर धरायला शिकवावे लागते, हे कोणत्या नमुन्यात भरायचे?

नफ्यासाठी शेकडो माणसे नेणारी कंपनी आणि वर्गणीवर चालणारी, सभासदांनी सभासदांसाठी चालविलेली संस्था यांना एकाच मापाने मोजले, तर कागदपत्रांचा भार कंपनी सहज पेलते आणि संस्था वाकते. मग उरतात त्या फक्त कंपन्या. आणि दरडी कोसळतात, पूर येतात, कोणी दरीत पडते, तेव्हा रात्री-अपरात्री धावून जाणारी माणसे मुख्यतः संस्थांतूनच येतात. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा पावसाच्या अंधारात त्या अवघड वाटेने वर चढणाऱ्यांत परिसरातील गिर्यारोहक होते. ही फौज शासनाला फुकट मिळालेली आहे. अर्थात संस्थांनीही ‘आम्ही हौशी आहोत’ या ढालीआड लपू नये. दोर किती वर्षे वापरला, शिकविणाऱ्याने कोणता अभ्यासक्रम पुरा केला, याची नोंद ठेवायला नफातोटा आड येत नाही.

मीरा-भाईंदरच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक धार आहे. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. परवडणाऱ्या घरासाठी मुंबईतून आलेला कारकून-शिक्षक वर्ग येथे मोठा आहे आणि त्यांची मुले आज महाविद्यालयांत आहेत. शहराच्या पूर्वेला चेण्याच्या बाजूने संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान सुरू होते. त्याच रानात दक्षिणेकडे कान्हेरीचा कातळ आहे, जिथे मुंबईच्या जुन्या प्रस्तरारोहकांनी बोटे घासली. आता तेथे संरक्षित स्मारक आणि राष्ट्रीय उद्यान असे दुहेरी कुंपण आहे. शंभरावर लेणी, त्यांतील शिलालेख आणि बिबट्यांचे रान पाहता ते कुंपण अनाठायी आहे, असे कोणी म्हणणार नाही. रात्रीचा तंबू तर तेथे शोभणारच नाही. घोडबंदरचा किल्ला शहराच्या हद्दीत आहे, पण १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेल्या त्या तटबंदीत खुंट्या ठोकायच्या नसतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यानंतर तर गडांवरील कातळ आणि बांधकाम यांचा हिशेब अधिक काटेकोर होणे अपरिहार्य आहे.

मग शिकायचे कोठे? नैसर्गिक कातळ जवळ असूनही हाताबाहेर, आणि सह्याद्री दोन गाड्यांच्या अंतरावर. ज्या मुलाने आयुष्यात कधी दोर धरलेला नाही तो थेट कड्याच्या माथ्यावर कमरेला पट्टा बांधून उभा राहतो, याचे कारण साहसाची हाव एवढेच नाही. खालच्या पायऱ्या त्याला कोणी उपलब्धच करून दिलेल्या नाहीत. प्रस्तरारोहण टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आहे. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगची जागतिक चषक स्पर्धा झाली, तीही मुख्यतः ‘गिरिविहार’च्या जिवावर. कृत्रिम भिंत ही काही राजवाड्याची बांधणी नव्हे. पालिकेच्या क्रीडा संकुलाचा एक कोपरा, चांगले आधार, खाली जाड गाद्या आणि संध्याकाळी दोन तास हजर राहणारा जाणता शिक्षक एवढ्यावर ती चालते. भिंत उभारून ती ठेकेदाराला प्रवेश शुल्कावर चालवायला दिली, तर मात्र सारे मुसळ केरात. ती चालवावी एखाद्या नोंदणीकृत संस्थेने, आणि तिकिटाऐवजी महिन्याच्या वर्गणीवर.

शाळांचा प्रश्न वेगळा आणि अधिक नाजूक आहे. सहलीला गेलेल्या शिक्षकावर मुलांची जबाबदारी असते, पण कड्यावर तो आयोजकाच्या शब्दावर विसंबतो. दोराचे त्याला काही कळत नाही. किमान एका शिक्षकाने एक रविवार कोणत्याही संस्थेत ‘बिले’ शिकण्यात घालवावा आणि मगच मुलांना न्यावे, अशी अट शिक्षण विभागाला सहलीच्या परवानगीतच घालता येईल. त्यासाठी नवा शासन निर्णयही लागणार नाही. परवानगीच्या अर्जात एक ओळ वाढेल.