घरांतलें शास्त्र : जुनी गाडी आणि खोटी साक्ष

मागील अंकीं आपण घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीची निगा कशी राखावी याचा विचार केला. त्यावर मोटारीच्या बॅटरीविषयींहि चार शब्द लिहावेत, अशी सूचना कांहीं वाचक-भगिनींकडून आली. त्या सूचनेस मान देतांना एका घरगुती प्रसंगाची हकीकत सांगणें भाग आहे. तींत प्रस्तुत लेखकाची शोभा फारशी राहत नाहीं. परंतु शास्त्र सांगावयाचें तर तें सांगणाराची फजिती लपवून चालत नाहीं.

आमच्या घरीं 2012 सालीं घेतलेली, चारहि चाकांना जोर पुरविणारी एक डिझेल गाडी आहे. ती माझ्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंची. त्यांच्या मागें ती विकावी कीं ठेवावी, हा वाद घरांत अधूनमधून होतो. गेल्या श्रावणांत मातोश्रींनीं गुहागरास जाऊन कुलस्वामी व्याडेश्वराचें दर्शन घेण्याची इच्छा प्रकट केली. त्यांचें वय 84. "थोरल्याच्याच गाडींतून न्या," एवढेंच त्या म्हणाल्या. मग वादाचा प्रश्न उरला नाहीं.

निघण्यापूर्वीं आठवडाभर मात्र गाडीनें छळ मांडला. तीन दिवस सकाळीं सेल्फ मारावा तों बॅटरी उतरलेली. पंधरा वर्षें आमच्याकडे असलेल्या ड्रायव्हरवर माझा संशय गेला. रात्रीं आंतला दिवा यांनींच लावून ठेवला असणार, असें मीं मनाशीं ठरविलें आणि चारचौघांत त्यांना नको तें बोललों. "साहेब, दिवा पाहूनच मी किल्ली खुंटीला लावतों," एवढेंच बोलून ते गप्प राहिले. मीं नवी बॅटरी आणविली. दोन दिवसांत तीहि उतरली. इतकेंच नव्हे, तर समोरच्या पट्टीवर इंजिनाचा, ब्रेकचा, आणखी कशाकशाचा, असे इशाऱ्याचे दिवे दिवाळीसारखे उजळले.

गाडी एका कारखान्यांत नेली. तेथील तरुणानें सुकाणूखालच्या खांचेंत आपलें यंत्र जोडलें. यंत्रानें सात दोष सांगितले. चार सेन्सर बदलावे लागतील आणि खर्च चाळीस हजारांच्या घरांत जाईल, असा अंदाज मिळाला. "बाबा, आतां तरी विकून टाका," असें चिरंजीव म्हणाले. मातोश्री कांहींच बोलल्या नाहींत.

ड्रायव्हरांनींच मग सुचविलें कीं, नाना पेठेंत मोटारीच्या विजेचें काम करणारे एक वृद्ध कारागीर आहेत, त्यांना एकवार दाखवावी. त्या गृहस्थांनीं सेन्सरांकडे पाहिलेंहि नाहीं. साधा मल्टिमीटर काढून त्यांनीं बॅटरीच्या दोन टोकांना लावला. इंजिन चालू असतांना आंकडा 13.1, चौदाच्या आसपास हवा होता. मग त्यांनीं मीटर उलटसुलट वाहणाऱ्या विजेच्या मापावर ठेवला, तों तेथेंहि व्होल्टाहून अधिक आंकडा दिसला. तो अर्ध्या व्होल्टाच्या आंत असावयास हवा. "अल्टरनेटरचा डायोड गेला आहे," ते म्हणाले.

हें कसें झालें तें समजून घेऊं. अल्टरनेटर म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यानें फिरणारें एक लहानसें वीजघरच होय. भोंवतीं तारेचें वेटोळें असून आंत चुंबक फिरला, म्हणजे तारेंत वीज उत्पन्न होते, हें फॅरडेनें 1831 सालीं सिद्ध केलें. तेंच हें तत्त्व. परंतु ही वीज क्षणांत इकडे तर क्षणांत तिकडे वाहणारी असते. बॅटरीस हवी एकाच दिशेची. याकरितां वाटेंत डायोड, म्हणजे एकाच बाजूस उघडणारे दरवाजे, बसविलेले असतात. मुख्य असे बहुधा सहा. त्यांतील एकाचें दार उघडेंच राहिलें, तर तीन अनर्थ होतात. वीजपुरवठा घटतो. गाडी उभी असतां बॅटरींतील वीज त्या दारानें रात्रभर गळत राहते. आणि जी वीज पुढें जाते तिच्यांत लाटा उठतात.

आमच्या घरीं हे तिन्ही अनर्थ झाले होते. रात्रीं बॅटरी उतरत होती ती दिव्यामुळें नव्हे, डायोडामुळें! सेन्सरांचेंहि तसेंच. इंजिन किती तापलें, हवा किती आली, हें सेन्सर संगणकास कळवितात तें बहुधा पांच व्होल्टांच्या आंतील लहानशा फरकांनीं. मूळ वीजच अपुरी आणि लाटांनीं भरलेली असली, म्हणजे ही कुजबूज नीट ऐकूं येत नाहीं, आणि संगणक निर्दोष सेन्सरासहि दोषी ठरवितो. गच्चीवरील टांकींत पाणी नसतांना घरांतील सर्व नळ बारीक चालतात. म्हणून कोणी सारे नळ बदलीत नाहीं. यंत्रावरील दोषाचा आंकडा ही एक साक्ष आहे, निकाल नव्हे.

डायोडांची पट्टी आणि झिजलेले कार्बन ब्रश बदलून झाले. खर्च अंदाजाच्या दहाव्या हिश्श्याहूनहि कमी आला. आंकडा 14.2 वर गेला. जुने दोष पुसून गाडी चालवून पाहिली. सातांपैकीं सहा पुन्हां आले नाहींत. एक मात्र पुन्हां उमटला: क्रँकशाफ्टच्या सेन्सराचा. कारागीर म्हणाले, "हा खरा असूं शकेल. दोन दिवस गाडी ठेवा." पण मला आतां ज्ञान झालें होतें! सहा साक्षीदार खोटे ठरले, तर सातवा कशावरून खरा, असा तर्क करून मीं प्रस्थान ठेवलें.

दर्शन यथास्थित झालें. परत येतांना चिपळूण सोडून कुंभार्ली घाट चढूं लागलों. पाऊस होता, संध्याकाळ होत आली होती. अर्ध्या चढावर इंजिन एकाएकीं बंद पडलें. धूर नाहीं, आवाज नाहीं. फुंकर मारून दिवा मालवावा तसें झालें. सुकाणू जड झालें. चारहि चाकांना जोर देणारी ती गाडी सुपारीएवढ्या एका वस्तूपुढें हतबल होऊन मागें सरकूं पाहत होती.

ड्रायव्हरांनीं त्या वेळीं जें केलें, तें प्रत्येकानें लक्षांत ठेवावें. इंजिन बंद पडलें, तरी ब्रेकाच्या टांकींत दोन-तीन दाबांपुरतें साहाय्य शिल्लक असतें. पाय वारंवार आपटला कीं तें संपतें. त्यांनीं ब्रेक एकदांच दाबून धरला, गाडी डाव्या कडेस टेंकविली, हातब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला आणि मागील चाकांमागें दगड लावविले. लाल त्रिकोण मागच्या वळणापलीकडे नेऊन ठेविला. मग सेल्फ मारून पाहिला. इंजिन फिरे, पण पेट घेईना. आणि फेरे दाखविणारा कांटा शून्यावरून हलेना. "साहेब, फेरेच मोजले जात नाहींत," ते म्हणाले. सातवा साक्षीदार खरें बोलत होता.

हा सेन्सर इंजिनाच्या दांतेरी चाकापासून सुमारें एक मिलिमीटर अंतरावर बसलेला असतो. पुष्कळ गाड्यांत त्या चाकावर साठ दांत्यांची जागा असून दोन दांते मुद्दाम वगळलेले असतात. त्या रिकाम्या जागेवरून संगणकास फेऱ्याचा आरंभ कळतो. इंजिन मिनिटास 800 फेरे घेत असतां सेकंदास सुमारें पावणेआठशें दांते त्याच्यापुढून जातात. ही मोजणी थांबली, कीं डिझेल केव्हां सोडावें हें संगणकास कळत नाहीं, आणि तो तें सोडीतच नाहीं. जुन्या सेन्सरांतील बारीक तार किंवा जोड उष्णतेनें सुटतो आणि निवल्यावर पुन्हां जुळतो. गाडी तापली कीं बंद, निवली कीं चालू, असें घडूं लागलें तर पहिला संशय याच्यावर घ्यावा.

चाळीस मिनिटें आम्ही थांबलों. मातोश्री मागें बसून जप करीत होत्या. मध्येंच त्या म्हणाल्या, "अरे, दिव्यावरून त्यांना बोललास, तें त्यांचें नव्हतें ना? मग तसें सांगितलेंस का?" मीं सांगितलें नव्हतें. डायोड सांपडल्यावर आनंद झाला होता, पण ज्याच्यावर आळ घेतला त्याच्याकडे पाहण्याचें सुचलें नव्हतें. त्या पावसांत, गाडीबाहेर उभ्या असलेल्या त्या गृहस्थांची मीं क्षमा मागितली. ते म्हणाले, "राहूं द्या साहेब. आजींना थंडी वाजत असेल, शाल द्या." थोड्या वेळानें इंजिन चालू झालें. रात्रीं कऱ्हाडास मुक्काम करून दुसरे दिवशीं सेन्सर बदलला.

आतां या अनुभवाचें सार. मल्टिमीटर घरीं अवश्य असावा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टांच्या आसपास असावी, 12.2 म्हणजे अर्धी रिकामी. इंजिन चालू असतां 13.8 ते 14.5 असावें. सेन्सर बदलण्यापूर्वीं हे आंकडे पाहावेत. बॅटरीचीं टोकें, इंजिनास जाणारी अर्थची जाड तार आणि पट्टा तपासावा. पावसाळ्यांत उंदरांनीं तारा कुरतडल्या नाहींत ना, तेंहि पाहावें. बॅटरी सोडतांना काळी तार प्रथम काढावी व शेवटीं जोडावी. इंजिन चालू असतां बॅटरीची तार काढून अल्टरनेटर पारखण्याची जुनी रीत कोणी करूं लागल्यास त्यास थांबवावें. त्या क्षणीं विजेचा दाब कित्येक पटींनीं उसळून संगणक जळूं शकतो.

प्रवासांत बॅटरीचा लाल दिवा लागला, तर बॅटरीवर किती वेळ निभेल याचा हिशेब करावा. दिवे, वायपर, पंखा आणि संगणक मिळून 28 अँपिअर वीज खात असतील, तर 70 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर अडीच तास पुरते. प्रत्यक्षांत बरीच आधीं दगा देते. अनावश्यक भार बंद करून जवळचें गांव गांठावें. कित्येक डिझेल गाड्यांत ब्रेकास साहाय्य करणारा पंप अल्टरनेटरच्याच दांड्यावर असतो. दिव्याबरोबर ब्रेक जड झाला, तर पट्टा तुटला असें समजून तत्काळ थांबावें.

गाडी विकण्याचा विषय तूर्त घरांत निघत नाहीं. किल्ली पूर्ववत् खुंटीवर असते. पुढील अंकीं पावसाळ्यांत घरांतील वायरींना येणाऱ्या ओलीविषयीं लिहावयाचा विचार आहे.