अडकित्त्याची बाजू

सिगार कापायला सिगारचा कटरच लागतो, असं मानणाऱ्या मंडळींशी माझं जमत नाही. आता तुमचा आणि सिगारचा संबंध काय, असं कुणी विचारील. खरं आहे. उभ्या आयुष्यात मी एकही सिगार ओढलेली नाही. पण आमच्या गावात ज्याच्या दावणीला शेळीसुद्धा नाही, तोही बाजारात उभा राहून दुसऱ्याच्या बैलाचे दात मोजतो. आमचं गाव म्हणजे देवणी. हो, तीच. बैलांची.

झालं असं, की दिवाळीला माझा अमेरिकेतला भाचा देवणीला आला. येताना आमच्या नानाकाकांसाठी लाकडी पेटीतून पाच सिगार घेऊन आला. कटर मात्र न्यू जर्सीत राहिला. त्यानं बॅग तीनदा उलटी केली, खिसे झटकले आणि शेवटी, "आता कापणार कशानं?" म्हणून कपाळाला हात लावला.

मी म्हटलं, "स्वयंपाकघरात विळी आहे, सुरी आहे, न्हाव्याकडून वस्तरा आणू."

त्यावर त्यानं मला सिगारचं शरीरशास्त्र ऐकवलं. सिगारचं एक तोंड उघडं, ते पेटवायचं. दुसरं, ओठांत धरायचं, ते बंद. त्यावर पानाचीच एक छोटी टोपी डिंकानं बसवलेली असते. त्या टोपीचा फक्त शेंडा उडवायचा, जेमतेम दोन मिलिमीटर. कमी उडवला तर धूर येत नाही, ओढून ओढून गाल आत जातात. जास्त उडवला, टोपीच्या रेषेखाली गेला, की वरचं पान सुटतं आणि घाईत नेसलेल्या धोतरासारखी सिगार चारचौघांत उलगडायला लागते. चर्चिल म्हणे कापतच नसे, लांब काडीनं टोपीला भोक पाडी. पण चर्चिलची गोष्ट वेगळी.

आपल्याकडे हा प्रश्न कधी आलाच नाही, हेही खरं. विडी तेंदूच्या पानाची, तिला टोपी नाही. चिरूट हा शब्द तमिळमधून आला, त्याचा अर्थ गुंडाळी. त्याचीही दोन्ही तोंडं मोकळी. घ्यावा आणि पेटवावा. बंद तोंडाची वस्तू विकायची आणि ते उघडायचं हत्यार वेगळं विकायचं, ही अक्कल साहेबाची.

एवढ्यात झोपाळ्यावरून नानांचा आवाज आला, "काय शोधूलालास रे?"

"कटर, नाना. लातूरला मिळेल का?"

नानांनी सिगार मागून घेतली. वासराच्या पाठीवरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवला. नानांना बैलांमधला वानेरा, शेवरा, बालंक्या लांबून ओळखू येतो. हा तपकिरी प्राणी त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. दोन्ही तोंडं पाहून झाली. मग म्हणाले, "माझा अडकित्ता आण."

भाच्याचा चेहरा अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखा झाला. "नाना, त्यानं चेपेल. कटरला दोन्हीकडून पाती असतात."

इथंच माझा कटरवाल्यांशी वाद आहे. अडकित्ता चेपतो, हे ढिल्या खिळ्याच्या अडकित्त्याबद्दल खरं आहे. पण खिळा घट्ट असेल, पातं परजलेलं असेल आणि धरणाऱ्यानं पन्नास वर्षं सुपारी कातरली असेल, तर? सुपारीची खांडं पाडणं वेगळं आणि कागदासारखी कातरण काढणं वेगळं. दुसऱ्यात पातं कुठं थांबवायचं हे मनगटाला कळावं लागतं. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचं कपाट बघताना लोक पोपटाचे, मोराचे आकार बघून हरखतात. कातरणारी मनगटं काही कपाटात ठेवता येत नाहीत.

नानांनी पातं सहाणेवर चार वेळा फिरवलं, धोतराला पुसलं. सिगार अलगद बसवली आणि 'टक्'. एकच. टोपीचा शेंडा चंद्रकोरीएवढासुद्धा न फाटता तळहातावर पडला. पान सुटलं नाही. भाच्यानं न पेटवताच ओढून पाहिली आणि मान डोलावली. ती मान डोलावणी मी अडकित्त्याच्या बाजूचा पुरावा म्हणून सादर करतो.

विजयाच्या भरात मी पुढचाही मुद्दा ठोकला. म्हटलं, जे स्वतः कातरून खावं लागतं ते माणूस बेतानं खातो. एक सुपारी कातरायला पाच मिनिटं. तेवढ्यात दोन गोष्टी बोलून होतात, कुणाची तरी सोयरीक जुळते. पुडी आली आणि मधली पाच मिनिटं गेली. दात लावला, पुडी फाडली, तोंडात रिकामी केली. 2012 साली सरकारनं गुटख्यावर बंदी घातली, तरी विशी-पंचविशीतली पोरं गाल फुगवून बोटांच्या खुणांनी बोलताना दिसतातच. हा सगळा अडकित्ता टाकून दिल्याचा परिणाम!

नाना ऐकत होते. मग त्यांनी तोंड उघडून त्यात दोन बोटं उभी घातली. तिसरं बोट जाईना.

"मी पुडी कधी खाल्ली नाही," ते म्हणाले. "सगळी हातानंच कातरली."

मी गप्प बसलो. नुसत्या सुपारीनंही कॅन्सर होतो, तंबाखू नसली तरी, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 साली सांगितलं. नानांचं तोंड ते त्याआधीच सांगायला लागलं होतं. लातूरच्या डॉक्टरांनी दरडावल्यावर त्यांनी सुपारी सोडली. अडकित्त्याला तेल देणं सोडलं नाही. आणि सिगारचं म्हणाल तर फ्रॉइडसारखा शहाणा माणूस जबड्यावर तीसच्या वर शस्त्रक्रिया झाल्या तरी ती सोडू शकला नाही. तेव्हा माझ्या मुद्द्यातला बेताचा भाग मी मागे घेतो. पाच मिनिटांचा भाग घेत नाही.

कारण त्या संध्याकाळी भाच्यानं सिगार अर्धीच ओढली. नाना नुसता वास घेत बसले आणि दोघं दहा वाजेपर्यंत बोलत होते. फोनवर त्यांचं बोलणं "तब्येत बरी आहे ना?"च्या पुढे कधी गेल्याचं मला आठवत नाही.

निघताना भाचा उरलेल्या चार सिगार परत पेटीत घालायला लागला, तर नानांनी त्या काढून अडकित्त्याशेजारी पानाच्या डब्यात ठेवल्या.

"अहो नाना, ओलावा नसला की त्या वाळतात."

"मीही वाळूनच चाललोय," नाना म्हणाले. "चार आहेत. आलास की एक कातरून देईन. एका वेळी एकच."